पोटगीतलं पोट कुणाचं?

"ताई, पैसे सोडून दिले तर मूल मला मिळेल ना?"

लग्नाच्या पंगतीत, बँकेत जेवणाच्या सुट्टीत, एकदा तर शिवाजीनगरला बसच्या रांगेत, हा प्रश्न मला हलक्या आवाजात विचारला गेला आहे. माझा घटस्फोट झालाय आणि लेक माझ्याकडे आहे, एवढं विचारणारीला ठाऊक असतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी नेमकं तेच केलं होतं आणि ते चुकलं होतं.

२०१५ साल. पुण्याच्या कुटुंब न्यायालयात संमतीने घटस्फोटाचा अर्ज. लेक चार वर्षांची. समोरच्यांचा निरोप आला होता की पोटगी मागाल तर आम्ही ताबा मागू. त्या एका वाक्याने माझी झोप उडाली. वडील म्हणाले, "त्यांचा एक रुपया नको आपल्याला. पोर घेऊन ये." कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी सही करायच्या घटस्फोटाच्या अटींमध्ये, माझ्याबद्दल ओळ होती, 'अर्जदार क्र. २ स्वतःसाठी व मुलीसाठी कोणतीही पोटगी मागणार नाही.' मी सही केली. घरी येताना रिक्षात लेकीला मांडीवर घेऊन मी रडले, सुटल्याच्या आनंदाने.

ज्या गोष्टीसाठी मी एवढी किंमत मोजली, तिच्याबद्दल कायदा काय म्हणतो हे मी विचारलंच नव्हतं. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये लिहिलंय की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा. लेक चार वर्षांची होती! मूल मोठं असलं तरी न्यायालय त्याचं हित बघतं: शाळा कुठे आहे, आजारपणात कोण जागतं, मूल कुणाकडे रुळलंय. केवळ आईचा पगार कमी म्हणून मूल काढून घेत नाहीत. पैशाची कमी भरून काढायला बापाकडून पोटगी असतेच की. ताबा आणि पोटगी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची अदलाबदल आपण भीतीपोटी करतो.

आमच्या गावाकडे पोटगीला खावटी म्हणतात. ते शब्द कानावर पडले की बायकांना भीक मागितल्यासारखं वाटतं, मलाही वाटायचं. पण पोटगीतलं पोट कुणाचं, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. माझा वाटा सोडायचा हक्क मला होता. लेकीचा वाटा माझा नव्हताच, मग मी तो सोडला कसा?

२०२१ मध्ये, लेक पाचवीत गेली तेव्हा, हिशेब जमेनासा झाला. एका वकीलबाईंनी माझे जुने कागद वाचले आणि म्हणाल्या, "तुम्ही लिहून दिलंत, पण त्याने मुलीचा हक्क बुडत नाही." लेकीच्या पोटगीसाठी अर्ज केला. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सुरू झालेल्या रजनीश विरुद्ध नेहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये नियम घालून दिला आहे: दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. मी माझी पगाराची स्लिप, एफडी, सोनं सगळं लिहिलं. आपण लपवलं तर त्याने लपवलं म्हणून ओरडायला तोंड उरत नाही. आई कमावती असली तरी बापाचा वाटा सुटत नाही. पद्मजा शर्मा खटल्यात (२०००) दोघांच्या कमाईच्या प्रमाणात, बापाचे दोन हिस्से आणि आईचा एक, असं ठरलं होतं.

माझ्या अर्जावर आदेश झाला, पण त्याच २०२० च्या निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. मधली सहा वर्षं गेली ती गेलीच. त्या काळातली प्रत्येक फी माझ्या पीएफमधून आणि आईच्या पाटल्यांमधून गेली आहे.

बँकेत आहे म्हणून आणखी एक सांगते. फ्लॅटचं कर्ज दोघांच्या नावावर असेल तर 'हप्ते तो भरेल' एवढं कन्सेंट टर्म्समध्ये लिहून भागत नाही. बँक कर्जाच्या करारावरच्या सह्या बघते. त्याचा हप्ता थकला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, तुमचीही बिघडते. कर्जातून नाव निघाल्याचं बँकेचं पत्र हातात घ्या. पीएफ, विमा, एफडी यांचे नॉमिनी स्वतः जाऊन बदला.

आणि हो, पोटगी थकली म्हणून बापाची भेट बंद करू नका. रागाच्या भरात मी दोन रविवार तसं केलं होतं. लेक खिडकीत बसून राहिली. तिला पोटगीचं काही ठाऊक नव्हतं, तिला बाबा हवा होता. वसुलीचा अर्ज वेगळा करता येतो, तो करा.

परवा आमच्याच शाखेतली एक जण मसुदा घेऊन आली. मुलगा सहा वर्षांचा. तिसऱ्या पानावर तीच ओळ होती, शब्दही तेच. मी फक्त बोट ठेवलं. तिने दोनदा वाचलं, पर्समधून पेन काढून 'व मुलासाठी' हे दोन शब्द खोडले आणि तिथूनच वकिलांना फोन लावला.