क्लबचा करार की कंपनीचं ऑफर लेटर: माझा अनुभव

अमेरिकेत कॉलेजसाठी बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलीला शेवटच्या वर्षी सगळे एकच सल्ला देतात: नोकरी कधीही मिळेल, खेळायचं वय पुन्हा येणार नाही. प्रशिक्षक सांगतात, माजी खेळाडू सांगतात, जिममध्ये टॉवेल देणारे काकासुद्धा सांगतात. सल्ला खोटा नाही. पण तो देणाऱ्याच्या कपाटात बहुतेक वेळा अमेरिकेचा निळा पासपोर्ट असतो. माझ्याकडे तो नव्हता. मी विद्यार्थी व्हिसावर, म्हणजे एफ-१वर, खेळत होते, आणि तेवढ्या एका फरकामुळे हा सल्ला माझ्या बाबतीत जवळजवळ उलटा झाला. २०२५च्या उन्हाळ्यात मी हे सगळं पार पाडलं, ते इथे लिहिते आहे.

डब्ल्यूएनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगचा, विषय आधी संपवते, कारण घरच्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. २०२५च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगचे संघ नव्या खेळाडू निवडतात त्या फेरीत, एकूण ३८ मुली निवडल्या गेल्या. कॉलेज बास्केटबॉलच्या पहिल्या विभागात महिलांचे साडेतीनशेहून जास्त संघ आहेत आणि तेव्हा एका संघाला १५पर्यंत शिष्यवृत्त्या देता येत होत्या. नवा संघ धरून लीगमध्ये तेरा संघ झाले, प्रत्येकात जास्तीत जास्त बारा खेळाडू. निवड झालेल्यांपैकीही कित्येक जणी सराव शिबिरातूनच परत पाठवल्या जातात. पहिल्या क्रमांकावर निवड झालेल्या पेज ब्यूकर्सचा पहिल्या वर्षीचा लीगचा पगार होता ७८,८३१ डॉलर. मी मधल्या फळीतल्या संघाची फॉरवर्ड, रीबाउंड, म्हणजे बास्केट हुकलेला चेंडू पकडणं, आणि बचाव हे माझं काम. ड्राफ्टचं प्रक्षेपण मी मैत्रिणींबरोबर पॉपकॉर्न खात पाहिलं, त्याउपर माझा त्याच्याशी संबंध नव्हता.

म्हणजे खेळायचं तर युरोप. तिथे महिलांच्या लीग खूप आहेत आणि बऱ्याच दर्जांच्या आहेत. वरच्या टोकाला पैसा इतका होता की रशियातल्या एकातेरिनबर्गच्या क्लबने अमेरिकन खेळाडू डायना टाउरासीला २०१५चा डब्ल्यूएनबीएचा हंगाम न खेळता विश्रांती घेण्यासाठी पैसे दिले. त्याच क्लबकडे परतताना फेब्रुवारी २०२२मध्ये दुसरी अमेरिकन खेळाडू ब्रिटनी ग्रायनर मॉस्कोच्या विमानतळावर पकडली गेली आणि डिसेंबरात कैद्यांच्या अदलाबदलीत सुटली. आईने या दोन गोष्टींपैकी फक्त दुसरी वाचली होती. मी तिला सांगितलं, मी रशियाला जात नाहीये आणि मला न खेळण्याचे पैसे देणाराही कुणी नाही. खालच्या टोकाला, जिथे माझ्यासारख्या मुली जातात, तिथे राहायला खोली, येण्याजाण्याचं तिकीट, कधी दोघींत एक गाडी आणि महिन्याला हजाराच्या आसपास युरो मिळतात.

एजंटचं काम शेवटच्या सामन्यानंतरच सुरू करता येतं. एनसीएए, म्हणजे कॉलेजांच्या खेळांची संघटना, तिच्या नियमात एजंटशी नुसतं तोंडी ठरवलं तरी कॉलेजसाठी खेळायची पात्रता धोक्यात येते, म्हणून हंगाम चालू असताना आलेल्या दोन मेसेजना मी ‘मार्चनंतर बोलू’ एवढंच कळवलं होतं. फिबा, म्हणजे बास्केटबॉलचा जागतिक महासंघ, परवानाधारक एजंटांची यादी प्रसिद्ध करते. माझी पहिली चाळणी ती. दुसरी चाळणी पैशांची. एजंटची फी साधारणपणे पगाराच्या दहा टक्के असते आणि ती बहुधा क्लब वेगळी देतो. ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘युरोपातल्या प्रशिक्षकांसमोर खेळण्याचं शिबिर’ असं म्हणून आधी आपल्याकडे पैसे मागणाऱ्यांना मी उत्तरच दिलं नाही.

जिला घेतलं ती एजंट स्पष्टवक्ती निघाली. माझी फिल्म पाहून म्हणाली, “तू चांगली खेळतेस, पण क्लब परदेशी खेळाडू घेतो तो गुण करायला. बचाव करणाऱ्या मुली त्यांच्या गावात असतात.” परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या. त्यातली एक खर्च करायची तर सामन्यामागे पंधरा-वीस गुण हवेत, आणि माझी सरासरी नऊची. तिने हायलाइटची चार मिनिटांची फिल्म मागितली आणि सोबत तीन पूर्ण सामने, त्यातला एक आम्ही हरलेला. हरताना मुलगी कशी धावते हे प्रशिक्षकांना पाहायचं असतं म्हणे. मला ते पटलं.

इकडे माझी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी पूर्ण होत होती. पुलांची संरचना करणाऱ्या एका कंपनीत मी आधीच्या उन्हाळ्यात इंटर्न होते आणि त्यांनी वर्षाला ६६,००० डॉलरचं ऑफर लेटर दिलं होतं. रुजू व्हायची तारीख जूनची.

आता व्हिसाचा भाग, ज्याने सगळं साठ दिवसांवर आणलं. एफ-१वर शिकलेल्या विद्यार्थ्याला पदवीनंतर ओपीटी मिळते, म्हणजे बारा महिने आपल्या विषयात काम करण्याची परवानगी. विषय विज्ञान-तंत्रज्ञानातला असेल तर आणखी चोवीस महिने. पण अर्ज पदवीच्या अधिकृत शेवटच्या तारखेआधी ९० दिवस ते नंतर ६० दिवस एवढ्याच काळात करता येतो. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाने शिफारस केल्यापासून तीस दिवसांच्या आत तो पोचला पाहिजे. मुदत टळली की त्या पदवीवरची ओपीटी गेली. परवानगी मिळाल्यावरही ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही, आणि नोकरी नसताना देशाबाहेर घालवलेले दिवसही त्यात मोजले जातात. लिस्बनमध्ये रीबाउंड घेणारी मुलगी अमेरिकेच्या हिशेबात बेकारच.

आमची पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा खेळ चालवणारी मुलगी, अमेरिकन. तीही युरोपचाच विचार करत होती. तिच्यापुढचा प्रश्न एवढाच होता की एक वर्ष खेळावं की दोन. परत आली की तिला कुठल्याही कंपनीत अर्ज करता येणार होता. मी गेले असते तर नोकरीसाठी परत येण्याचा मुख्य रस्ता म्हणजे पुन्हा विद्यार्थी होणं. पुढची पदवी घेतली की त्या पातळीवर नवी ओपीटी मिळते. तिची फी डोंगराएवढी, पण संघाची सहायक प्रशिक्षक म्हणून नेमणूक मिळाली तर बरेचदा शिक्षणाचं शुल्क माफ होतं. आमच्या प्रशिक्षकांनी हे सुचवलं तेव्हा मी वहीत लिहून घेतलं. आश्वासन मात्र त्यांनी दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. दोन वर्षांनी त्या स्वतः तिथे असतील की नाही हे त्यांनाही माहीत नव्हतं.

बाबा हिशेबाचे माणूस. व्हिडिओ कॉलवर मी दोन्ही बाजू भावूक होऊन मांडत होते, तेव्हा ते म्हणाले, “तुला काय हवंय ते कळलं गं. कुठला कागद कोणत्या तारखेला मरतो ते सांग.” त्या रात्री मी तारखा मांडल्या. पदवी मेच्या दुसऱ्या आठवड्यात. ओपीटीचा अर्ज जुलैच्या सुरुवातीपर्यंत. ओपीटी सुरू होण्याची तारीख आपण निवडू शकतो, पण तीही त्याच साठ दिवसांतली हवी. म्हणजे बेकारीचे ९० दिवस ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपणार. युरोपात मोठे क्लब मे-जूनमध्ये संघ बांधतात आणि माझ्या पातळीवरचे जुलै-ऑगस्टमध्ये, कधी त्याहून उशिरा, कुणाचा गुडघा गेला की. माझा बाजार उघडणार होता तो अर्जाची मुदत संपताना.

मग अर्ज करून टाकला. ऑनलाइन शुल्क ४७० डॉलर, सुरू होण्याची तारीख शक्य तितकी उशिराची. खेळायला गेले असते तर ते पैसे वाया गेले असते. तशी तयारी होती. कंपनीला पत्र लिहिलं की रुजू व्हायची तारीख सप्टेंबरच्या सुरुवातीला न्याल का. कारणही खरं तेच लिहिलं. मैत्रिणींनी वेड्यात काढलं होतं, पण विभागप्रमुखांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं: सप्टेंबर चालेल, त्यापुढे नाही. त्या स्वतः कॉलेजात रोइंग करायच्या, हे नंतर कळलं.

पहिला होकार आला जर्मनीच्या दुसऱ्या विभागातून. प्रशिक्षक कॉलवर छान बोलले, त्यांना खरंच रीबाउंड घेणारी हवी होती. दोन आठवड्यांत ते बारगळलं, आणि त्यात कुणाचाच दोष नव्हता. युरोपीय संघाबाहेरच्या व्यावसायिक खेळाडूला जर्मनीत परवाना द्यायचा तर तिचा ढोबळ पगार निवृत्तिवेतन विम्याच्या मासिक कमाल मर्यादेच्या निम्मा तरी असावा लागतो. २०२५मध्ये ती मर्यादा ८,०५० युरो होती, म्हणजे किमान ४,०२५. क्लब देत होता त्याच्या निम्म्याहून कमी. त्यांच्या व्यवस्थापकाने घर, गाडी, सगळं पैशांत मोडून बेरीज करून पाहिली, तरी आकडा पोचेना.

दुसरा प्रस्ताव जुलै संपताना आला, पोर्तुगालमधून. आठ महिने, महिना ९०० युरो हातात, दोघींत एक घर, दिवसाला एक जेवण, जाण्यायेण्याचं तिकीट. करार अकरा पानांचा. एजंटने कॉलवर तो माझ्याबरोबर ओळीने वाचला आणि बाबाही त्यात बसले. ही दोन तास चाललेली शिकवणी मला चार वर्षांच्या कॉलेजात कुणी दिली नव्हती. तिचं म्हणणं, पगाराचा आकडा शेवटी वाचायचा. आधी पाहायचं की रक्कम हातात पडणारी आहे की कर कापायच्या आधीची, आणि कोणत्या तारखेला मिळणार. उशीर झाला तर किती दिवसांनी सराव थांबवता येतो, किती दिवसांनी करार सोडता येतो. दुखापत झाली तर शस्त्रक्रियेचा खर्च कुणाचा आणि पगार चालू राहतो का. वैद्यकीय तपासणी पोचल्यावर किती तासांत होणार, कारण ती लांबवत नेली की क्लबच्या हातात पळवाट राहते.

आणि भांडण झालं तर कुठे जायचं. या करारात लिहिलं होतं, स्थानिक न्यायालय. एजंटने ते खोडून जिनिव्हाच्या बीएटी लवादाचं कलम घालायला लावलं. हा लवाद २००७पासून क्लब, खेळाडू आणि एजंट यांचे तंटे सोडवतो. इंग्रजीत चालतो, आणि निकाल न पाळणाऱ्या क्लबला फिबा नवे खेळाडू नोंदवायला बंदी घालू शकते. पण करारात तसं कलम असेल तरच त्याच्याकडे जाता येतं. क्लबने ते तासाभरात मान्य केलं.

अडलं ते सातव्या पानावर. पूर्वतयारीचे सामने होईपर्यंत, म्हणजे सप्टेंबर संपेपर्यंत, क्लब खेळ पाहून करार रद्द करू शकत होता. भरपाई परतीचं तिकीट. अशी चाचणीची कलमं या पातळीवर नेहमीची. पॉइंट गार्डच्या पहिल्या मसुद्यातही तसं होतं, पण तिला परत पाठवलं तर ती आईवडिलांकडे जाऊन नोकरी शोधणार होती. मला परत पाठवलं असतं तेव्हा कंपनीची तारीख होऊन गेलेली असती आणि ओपीटीचे जेमतेम आठवडाभर दिवस उरलेले. चाचणी क्लब माझी घेणार आणि नापास झाले तर दोन्हीकडचं जाणार. शिवाय प्रवेशाच्या व्हिसासाठी अपोस्टिल केलेला, म्हणजे परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का मारलेला, पोलिस दाखला वगैरे लागणार होतं, आणि तो वेळेवर मिळाला नाही तर काय, याचं उत्तर करारात नव्हतं.

मी एजंटला सांगितलं, वैद्यकीय तपासणी हवी तितकी कडक घ्या, पगार शंभर युरोने कमी करा, पण चाचणीचं कलम काढा. क्लबने पगार तसाच ठेवला आणि कलमही तसंच ठेवलं. नऊ गुणांच्या सरासरीवर एवढं मागता येत नाही, एजंट हसत म्हणाली. पंधरा गुणांची असतेस तर मी त्यांच्याशी भांडले असते.

नाही कळवलं. रडले, ते लपवत नाही. पण रडताना मनात शंका नव्हती, आणि त्याआधीचे चार महिने रोज शंका असताना मी एकदाही रडले नव्हते. आई म्हणाली, “बरं झालं बाई.” बाबा काही बोलले नाहीत. त्यांना ती जर्मनीची बेरीज अजून सतावत होती.

सप्टेंबरात रुजू झाले. पॉइंट गार्ड लक्झेंबर्गला गेली, तिने करारातलं ते कलम काढून घेतलं, आणि ते तिला जमलं कारण ती अठरा गुण करायची. तिच्या संघात बऱ्याच जणी दिवसा नोकरी करून संध्याकाळी सरावाला येतात. आपण ज्याला एक की दुसरं म्हणत होतो ते तिथल्या मुली दोन्ही करतात, असं तिने लिहिलं. मला ते वाचून थोडा राग आला. त्या आपल्याच देशात आहेत, त्यांना कुठला साठ दिवसांचा काटा!

एजंट अजून संपर्कात आहे, पण तिने खरं ते सांगितलं आहे: एक हंगाम न खेळलेल्या मुलीची फिल्म शिळी होते, दोन हंगामांनंतर ती कुणी उघडतही नाही. मी शहरातल्या हौशी लीगमध्ये खेळते, त्याची फिल्म कुणाला दाखवण्याजोगी नाही. एफई, म्हणजे अभियंत्यांच्या परवान्याच्या वाटेवरची पहिली परीक्षा, द्यायची आहे, आणि ओपीटीच्या वाढीव चोवीस महिन्यांचा अर्ज पहिली मुदत संपायच्या आधी करायचा आहे.

मध्ये आमच्या जुन्या संघातल्या एका परदेशी मुलीचा फोन आला. ती यंदा शेवटच्या वर्षाला आहे, सरासरी सोळा गुण. मला एजंटचा नंबर मागत होती. मी विचारलं, तुझ्या पदवीची अधिकृत शेवटची तारीख काय? तिला माहीत नव्हती. उद्या कार्यालयातून ती लिहून आण, म्हटलं, मग नंबर देते.