कुकरची शिट्टी आणि स्वीडिश काडी

रशियन शिकायचं खूळ माझ्या डोक्यात कुठून आलं ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण दीड वर्ष झालं, दर शनिवारी सकाळी सात जण आम्ही एका बाईंच्या घरी जमतो, त्यात एक रिटायर्ड बँकवाले काका, दोन कॉलेजच्या मुली आणि उरलेले माझ्यासारखे 'आता काहीतरी नवीन करूया' वाले. आत्तापर्यंत धड्यातले संवाद चालायचे, स्टेशन कुठे आहे, ब्रेड केवढ्याला, वगैरे. मे महिन्यात बाई म्हणाल्या आता पुरे झालं, आता खरी गोष्ट वाचायची, आणि चेकॉव्हच्या 'स्वीडिश काडी' या कथेच्या झेरॉक्स वाटल्या. काडी म्हणजे काडेपेटीतली काडी. रोज एक पान, डिक्शनरी घेऊन, न कळलेल्या शब्दाखाली रेघ मारून. माझं पहिलं पान तर रेघांनी असं भरलं की मजकूर कुठला आणि रेघ कुठली ते कळेना.

गोष्ट थोडक्यात सांगते, कारण नंतर जे सांगायचंय ते त्याशिवाय कळणार नाही (ज्यांना स्वतः वाचायचीय त्यांनी इथेच थांबा, शेवट फोडणार आहे). एक तरुण मनुष्य पोलीस कचेरीत येऊन सांगतो की आमच्या मालकाचा खून झाला. मालक म्हणजे क्ल्याउझोव, लष्करातून रिटायर झालेला जमीनदार, दारू आणि बायका यांच्यासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध. खोली आतून बंद, दार फोडून आत जातात तर माणूस नाही, प्रेतही नाही. चुरगळलेली गादी, खाली पडलेली उशी, एकच बूट. खिडकीखालची झाडं तुडवलेली. आणि जमिनीवर एक जळकी काडी.

तपासाला येतात चुबिकोव, साठीचे, आणि त्यांचा असिस्टंट द्युकोव्स्की, सव्वीस वर्षांचा, अंगात नुसती वीज. हा द्युकोव्स्की म्हणजे या कथेचा जीव आहे. उशीवर दाताच्या खुणा दिसल्या की हा सांगणार गळा दाबताना मालक उशीला चावला. एकच बूट आहे म्हणजे दुसरा काढता काढता झडप पडली. खुनी किती? तीन! एकेक गोष्ट ऐकताना आपल्याला पटत जाते हो, हीच गंमत आहे. आणि ती काडी? ती साधी गंधकाची नाही, स्वीडिश आहे, या भागातले गरीब लोक असल्या काड्या वापरत नाहीत, म्हणजे ती खुन्याचीच.

आमच्या बँकवाल्या काकांनी लगेच 'हा शेरलॉक होम्सची टर उडवतोय' असं जाहीर केलं. बाईंनी मान हलवली, म्हणाल्या तारखा बघा. ही कथा 1884 सालच्या एका वार्षिक अंकात आली, आणि होम्स पहिल्यांदा छापून आला 1887 मध्ये. चेकॉव्ह तेव्हा तेवीस वर्षांचा, मॉस्कोत डॉक्टरकी शिकत होता आणि घरखर्चासाठी विनोदी साप्ताहिकांत लिहायचा. टर उडवली होती ती तेव्हा रशियात लोक वेड्यासारखे वाचायचे त्या गुन्हेगारी कादंबऱ्यांची, त्यातही फ्रेंच गाबोरिओची. ज्या साप्ताहिकाचा तो अंक होता त्याचं नाव 'स्त्रेकोझा', म्हणजे आपला चतुर किडा. मला हे इतकं आवडलं की मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. अजून एक मजा, अंक 1884 चा आणि कथेतला खून मात्र 6 ऑक्टोबर 1885 ला उघडकीस येतो, म्हणजे वाचकांनी वाचला तेव्हा तो घडलाच नव्हता. मुद्दाम केलं की काय देव जाणे, पण शोभतं त्या कथेला.

काडीबद्दल मात्र मी जरा शोधाशोध केली, कारण काडीत काय एवढं हे मला कळेना. तर आधीच्या काड्या कुठेही घासल्या, बुटावर घासल्या तरी पेटायच्या. सेफ्टी काडी म्हणजे आपण आज वापरतो ती, फक्त पेटीच्या कडेच्या पट्टीवर घासली तर पेटणारी, कारण लाल फॉस्फरस काडीवर नसून त्या पट्टीत असतो. ही स्वीडनच्या योनशोपिंग गावातल्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी कारखाना काढून जगभर पोचवली. म्हणून 'स्वीडिश'. आणि माझं माहेर अंबरनाथ! तिथल्या विमको नाक्यावर आम्ही हजार वेळा रिक्षा पकडल्यात, ती विमको म्हणजे काडेपेटीवाली कंपनी, 1923 मध्ये स्वीडिश मॅच कंपनीनेच काढलेली. म्हणजे मी स्वीडिश काडीच्या सावलीत वाढले म्हणायची, आणि हे मला रशियन शिकताना कळावं.

असो. तर संशय कोणावर? नोकर निकोलाश्का, कारण त्याची मैत्रीण मालकाने पळवली होती. आणि मॅनेजर प्सेकोव, म्हणजे तोच तरुण जो सुरुवातीला खबर घेऊन आला, कारण तो प्रश्न विचारल्यावर पांढराफटक पडतो. दोघेही आत. मग तिसरा खुनी म्हणून मालकाची सख्खी बहीण, कारण ती फार धार्मिक आणि भावाची थेरं तिला बघवत नव्हती. या सगळ्यात काही दिवस जातात.

आता इथे मला माझी गोष्ट मध्ये घालावी लागणार, कारण हे सगळं वाचत होते त्याच आठवड्यात आमच्या कुकरची शिट्टी हरवली.

हसू नका. पाच लिटरच्या कुकरची शिट्टी सोमवारी सकाळी जागेवर नाही. ओटा बघितला, ड्रॉवर बघितले, सिंकची जाळी काढून बघितली. शिट्टी ही काय चोरायची वस्तू आहे का? नाही. पण मी तर द्युकोव्स्की वाचत होते ना रोज रात्री डिक्शनरी घेऊन, माझं डोकं त्याच्यासारखं चालायला लागलेलं. नुसती शिट्टी कोण नेईल? ज्याच्याकडे कुकर आहे पण शिट्टी धड नाही तोच. आणि मला एकदम आठवलं की आधीच्या मंगळवारी आमच्या कामाच्या मावशी भांडी घासता घासता म्हणाल्या होत्या, "ताई, आमच्या कुकरची शिट्टी गळती हो, वाफच धरत न्हाई." झालं. हेतू मिळाला, संधी तर रोजचीच. मला खोटं बोलायचं नाही, त्या क्षणी मला वाईट वाटण्याच्या आधी आनंद झाला, कोडं सुटल्याचा.

आमचे हे डायनिंग टेबलावर पेपर वाचत. म्हणाले, "मी तुला किती वेळा सांगितलंय, ओट्यावर वस्तू अशा उघड्या टाकू नये. ऐकतेस का तू?" दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी परत.

मावशींना मी काहीच बोलले नाही. म्हणजे मला असं वाटत होतं की मी काहीच बोलले नाही. एका दिवसात तीनदा "मावशी, शिट्टी कुठे दिसली का हो?" विचारलं, एवढंच. गुरुवारी काम आवरल्यावर त्या निघाल्या, चपला घालता घालता थांबल्या, परत आत आल्या आणि काही न बोलता त्यांची ती चेनची कापडी पिशवी ओट्यावर उपडी केली. घडीची छत्री, मिश्रीची डबी, दोन केळी, कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका, रबरबँड लावलेल्या दहाच्या नोटा. सगळं पसरलं आणि हाताने एकेक वस्तू जराशी बाजूला केली, म्हणजे खाली काही लपलेलं नाही हे मला दिसावं म्हणून. मग तशीच शांतपणे भरली आणि गेल्या. मी "अहो मावशी, हे काय" असं काहीतरी पुटपुटले असेन, पण त्या ऐकायला थांबल्या नाहीत.

शनिवारी क्लासला शेवटची तीन पानं होती.

द्युकोव्स्की तालुक्यातली दुकानं पालथी घालतो आणि ती स्वीडिश काडेपेटी कोणी विकत घेतली ते शोधून काढतो. घेतली होती फौजदाराच्या बायकोने. (मूळ शब्द 'स्तानोवोय', आम्ही क्लासमध्ये सरळ फौजदार म्हणतो, चपखल बसतं.) चुबिकोव म्हाताऱ्याचा विश्वासच बसत नाही, तरी दोघे तिच्या घरी जातात, दरडावतात, ती रडते, किल्ली काढते आणि त्यांना परसातल्या न्हाणीघरात नेते. तिथे अंधारात वरच्या बाकावर देह पडलेला. द्युकोव्स्की उजेड घेऊन जवळ जातो. आणि देह डोकं वर करून विचारतो, कोण आहे?

क्ल्याउझोव जिवंत, धडधाकट, समोर बाटली आणि खाणं. ही बाई खिडकीशी आली, याने बूट फेकून मारला, मग ती खिडकीतून आत शिरली, दिवा लावला, प्यायलेल्या याला बदडलं, ओढत आणलं आणि कोंडून ठेवलं. आता प्रेम, वोडका आणि चखणा, म्हणे, मजेत आहे. म्हणजे बूट खरा, खिडकी खरी, झटापट खरी, काडी तर शंभर टक्के खरी. फक्त खून तेवढा नव्हता.

मला वाटतं इथेच चेकॉव्हची खरी करामत आहे. आपण द्युकोव्स्कीला मूर्ख म्हणून मोकळे होतो, पण त्याने पुरावे गोळा करण्यात चूक केलीच नाही, उलट काडीवरून तो अगदी बरोब्बर दारात जाऊन पोचला. चूक काय ती मधली, जिथे पुरावा संपला आणि गोष्ट सुरू झाली तिथली. प्रत्येक वस्तूला त्याने आधीच ठरवलेल्या गोष्टीत जागा करून दिली. माझ्याकडे तर काडीसुद्धा नव्हती, नुसतं एक वाक्य होतं.

आणि शेवट! फौजदार. हा येवग्राफ कुझमिच सुरुवातीपासून नुसता हळहळत असतो, मार्क इवानिच (म्हणजे क्ल्याउझोवच), मी तुला सांगत होतो ना, असल्या वागण्याचा शेवट चांगला होत नाही. शेवटी बायको घरात परत येते तेव्हा हा विचारतो, तपासवाले कशाला आले होते? तर ती सांगते, क्ल्याउझोव सापडला, आणि कल्पना कर, कोणा परक्याच्या बायकोकडे सापडला! आणि याचा परत उसासा, मार्क इवानिच, मी तुला सांगत होतो ना. क्लासमधल्या मुली इतक्या हसल्या की बाईंना चहा करायला उठावं लागलं. मी हसता हसता थांबले कारण मला आमचं डायनिंग टेबल दिसायला लागलं.

कारण शिट्टी शुक्रवारी रात्री सापडली होती. मायक्रोवेव्हच्या मागे, काचेच्या वाटीत, व्हिनेगरमध्ये बुडालेली, वर ताटली झाकलेली. रविवारी आमच्या ह्यांनी यूट्यूबवर बघून शिट्टीत अडकलेली डाळ काढायला भिजत घातली होती आणि साफ विसरले होते. मी वाटी टेबलावर आदळली तर म्हणतात, "बघ, मी म्हणत नव्हतो, घरातच असेल." नव्हते म्हणत! एकदाही नाही!

सोमवारी मावशींना सांगितलं, शिट्टी सापडली, साहेबांनीच ठेवली होती. "हो का," एवढंच म्हणाल्या. मी सॉरी म्हणायला गेले तर "कशाबद्दल?" आणि नळ मोठा केला. तेव्हापासून रोज जाताना त्या शिट्टी धुवून, पुसून, ओट्याच्या बरोब्बर मधोमध एका ताटलीत ठेवून जातात. कोणी पाहुणे आले तर विचारतात हे काय आहे.

बाईंनी होमवर्क दिलं होतं, कथेतल्या एका पात्राच्या बाजूने दहा वाक्यं लिहा. बहुतेकांनी द्युकोव्स्की घेतला, काकांनी हौसेने क्ल्याउझोव. (क्ल्याउझा म्हणजे खोटीनाटी तक्रार, चहाडी, आणि चुब म्हणजे डोक्यावरचं झुलूप, नावांतसुद्धा खोड्या.) मी निकोलाश्का घेतला. तो कोठडीत, मालक न्हाणीघरात वोडका पितोय. नऊ वाक्यं झाली आणि दहाव्याला अडले, त्याला सोडलं हे लिहायचं होतं, आणि झेरॉक्सची शेवटची पानं चारदा वाचली तरी ते वाक्य मिळेना. सगळे घरी गेले, चुबिकोव चिडून गेला, द्युकोव्स्की दारू प्यायला गेला, फौजदार उसासे टाकत बसला. शेवटी माझ्या मनाने लिहिलं, "येवो विपुस्तिली." त्याला सोडलं. रशियनमध्येही आपल्यासारखंच, कोणी सोडलं ते सांगावं लागत नाही.

वही परत आली. व्याकरण बरोबर होतं. त्या वाक्याखाली लाल पेनाने रेघ आणि बाजूला बाईंचं अक्षर: हे कथेत कुठे आहे?