थीब्जचा फेरफार

ग्रीक पुराणकथेतल्या थीब्ज नगरीच्या ईडिपस राजाला चार मुलं. एटिओक्लीस आणि पॉलिनिसीस हे दोन मुलगे, अँटिगनी आणि इस्मेनी या दोन मुली. मुलगे एकमेकांना मारून मेले. मग थीब्जला नाव कोणाचं लागायला हवं? तलाठ्याच्या दारात कधी ताटकळलेला कोणीही सांगेल, दोघी बहिणींचं. लागतं मात्र मामाचं, क्रेऑनचं.

ही गोष्ट सांगणारं सोफोक्लीसचं 'अँटिगनी' हे ग्रीक नाटक इ.स.पू. ४४१च्या सुमाराचं. त्यात क्रेऑन पॉलिनिसीसचं प्रेत पुरायला बंदी करतो, आणि अँटिगनी ती मोडून भावावर माती टाकते. कॉलेजात आम्हाला ते जर्मन तत्त्वज्ञ हेगेलच्या वाटेने शिकवलं: एका बाजूला राज्य, दुसऱ्या बाजूला कुटुंब, आणि दोघांचंही थोडंथोडं बरोबर. पण मी पडले वकील, आणि निम्मं काम जमिनीचं. निफाड, दिंडोरी, चांदवड. यंदा आमच्या वाचनगटात हे नाटक पुन्हा हातात घेतलं तेव्हा मला पुरण्याच्या भांडणाआधी वारसाचं प्रकरण दिसलं.

क्रेऑनचं पहिलंच भाषण बघा. मेलेल्यांचा जवळचा नातेवाईक म्हणून गादी माझ्याकडे आली, असं तो नगरातल्या वडीलधाऱ्यांना सांगतो. नातं कुठून? ईडिपसची राणी योकास्टा ही त्याची बहीण, म्हणजे त्याचा सगळा हक्क एका बाईमार्फत आलेला. आणि हाच माणूस पुढे पोटच्या पोराला सुनावतो की हरायचंच तर पुरुषाकडून हरेन, बाईपुढे हरलो असं कोणी म्हणता कामा नये.

नाटक थीब्जचं असलं तरी बघणारे अथेन्सचे होते, आणि तिथला कायदा त्यांना पाठ होता. बाप मेला, भाऊ नाही, अशा मुलीला ते एपिक्लेरॉस म्हणत. इस्टेट तिच्याबरोबर जायची, पण तिची व्हायची नाही. बापाकडचा सगळ्यात जवळचा पुरुष तिच्याशी लग्नाचा हक्क सांगायचा आणि इस्टेट पुढे तिच्या मुलांना. आता हे मनात धरून अँटिगनीकडे बघा. तिचं लग्न ठरलंय मामाच्या मुलाशी, हीमॉनशी. तिला मुलगा झाला असता तर ईडिपसचं घर त्याच्या नावाने उभं राहिलं असतं. मामा तिला जिवंत गुहेत कोंडतो ती काही नुसती मूठभर मातीसाठी नाही, असं आपलं माझं मत.

इस्मेनी त्याला विचारते, तुमच्याच मुलाच्या होणाऱ्या बायकोला माराल? तो म्हणतो, नांगरायला दुसरी शेतं आहेत.

गटात हे वाक्य वाचलं गेलं तेव्हा काहीजण हसले. पण क्रेऑनने ते रागाच्या भरात नवीन काढलेलं नाही. ग्रीक वाङ्निश्चयाची भाषाच ती होती. ग्रीक नाटककार मिनँडरच्या सुखात्मिकांमध्ये बाप जावयाला म्हणतो, औरस संततीच्या नांगरणीसाठी ही मुलगी तुला देतो. इ.स.पू. ४५८मध्ये नाटककार एस्किलसने तर हे कोर्टात नेलं. आईचा खून केलेल्या ओरेस्टीसच्या वतीने अपोलो देव युक्तिवाद करतो की आई ही जन्मदाती नव्हेच, ती फक्त पेरलेलं बीज सांभाळते. पुरावा म्हणून आईविना जन्मलेली देवी अथीना समोर उभी करतो, आणि तीच अथीना आपलं मत ओरेस्टीसच्या पारड्यात टाकते. अभ्यासक फ्रोमा झाइटलिन यांनी १९७८मध्ये एस्किलसच्या या 'ओरेस्टिया' नाट्यत्रयीवर लिहिताना दाखवलं की हा निकाल एकट्या ओरेस्टीसचा नाही. ओरेस्टीसच्या आईसारखी, नवऱ्याला मारणाऱ्या क्लायटेम्नेस्ट्रासारखी बाई पुन्हा डोकं वर काढू नये, याची ती व्यवस्था आहे. आपल्याकडे मनूनेही नवव्या अध्यायात स्त्रीला क्षेत्र आणि पुरुषाला बीज म्हटलंय. पुढे तो पीक कोणाचं यावर भरपूर खल करतो, पण वाद सगळा बीजवाला आणि शेतमालक यांच्यात. शेताला कोणी पक्षकार करत नाही.

अँटिगनीला बंडखोर नायिका म्हणून डोक्यावर घेणं सोपं आहे. पण मरायला जाताना ती काय म्हणते? नवरा गेला तर दुसरा करता येईल, मूल गेलं तर दुसऱ्यापासून होईल, पण आईबाप पाताळात असताना भाऊ पुन्हा कुठून आणू? जर्मन कवी गटेला या ओळी इतक्या खटकल्या की त्या मागाहून घुसडलेल्या आहेत असं कोणा पंडिताने सिद्ध करावं, अशी त्याची इच्छा होती. मला त्या अजिबात खोट्या वाटत नाहीत. मी हक्कसोडपत्रं करते ना.

मसुदा ठरलेला असतो: "बंधुप्रेमापोटी, विनामोबदला, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता." निफाडकडच्या एका साठीच्या बाईंना वाचून दाखवत होते, तर त्यांनी मध्येच थांबवलं. "मॅडम, विनामोबदला कसं? दिवाळीला साडी येती ना." चेष्टा होती का, मला कळलं नाही. भाऊ बाहेर द्राक्षाच्या व्यापाऱ्याशी फोनवर भाव करत होता. मी त्यांना आत एकटं बसवून नीट सांगितलं की वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क आपल्या राज्यात १९९४पासून, देशभर २००५पासून, आणि २०२०मध्ये सुप्रीम कोर्टाने तो जन्मानेच मिळतो असं पक्कं केलंय. "ते म्हाईत हाय," त्या म्हणाल्या, "पण मग माहेराला कोण नेईल?" आणि सही केली.

१९८६च्या नोव्हेंबरात आपल्याच चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन झालं. पुढे शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनी केल्या. मोठंच काम ते. पण बायकोच्या नावे केलेली जमीन घरातच राहते. बहिणीचं नाव हौसेने सातबाऱ्यावर लावणारा भाऊ अजून तरी माझ्या ऑफिसची पायरी चढलेला नाही.

म्हणून या वेळी मी इस्मेनीकडे जास्त बघितलं. "आपण बायका, पुरुषांशी लढायला जन्मलो नाही," असं ती सुरुवातीला म्हणते, आणि तेवढ्यावर सगळे तिला भित्री ठरवून मोकळे होतात. पण बहीण पकडली गेल्यावर तीच पुढे येते, गुन्हा माझाही म्हणते. अँटिगनी तिला झिडकारते. गुन्ह्यातसुद्धा हिस्सा नाही! पुढे तर अँटिगनी स्वतःला राजघराण्यातली उरलेली शेवटची म्हणवते, इस्मेनी धडधडीत जिवंत असताना. शेवटी अँटिगनी, हीमॉन, त्याची आई, सगळ्यांचे मृत्यू सांगून होतात. क्रेऑन आक्रोश करतो. ईडिपसची एकुलती एक हयात वारस कुठे आहे हे ना तो विचारत, ना वडीलधारे, ना नाटककार.

आमच्या गटाच्या अभिवाचनात इस्मेनीला शेवटपर्यंत रंगमंचावर बसवावं, असं मी सुचवलंय. दिग्दर्शक म्हणतात, संहितेत नाही, आणि लोकांचं क्रेऑनवरचं लक्ष उडेल. लक्ष उडेल हे मलाही मान्य आहे. त्यासाठीच तर खुर्ची मागितली.