आधी क्रियापदं मोजा

दहावीच्या इंग्रजी पेपरात 'डू अ‍ॅज डायरेक्टेड' हा प्रश्न असायचा. 'टू' (too) काढून लिहा, 'नो सूनर दॅन' वापरा, 'नॉट ओन्ली बट ऑल्सो' वापरा, वाक्य सिंपल (एकटंच), कंपाउंड (बरोबरीची वाक्यं जोडलेली) की कॉम्प्लेक्स (एक मुख्य, दुसरं त्याच्यावर अवलंबून) ते ओळखा. आमची बॅच १९८७ची. पाचवीत एबीसीडी गिरवलेली मराठी माध्यमाची मुलं आम्ही, या प्रश्नाला भिडायचो ते गाइडच्या भरवशावर. गाइडात तोडगा तयार होता: अँड, बट, ऑर दिसलं की कंपाउंड, इफ, बिकॉज, व्हेन, हू दिसलं की कॉम्प्लेक्स, काहीच दिसलं नाही तर सिंपल.

आमचे इंग्रजीचे सर या तोडग्यावर खार खाऊन होते. नववीत त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'राम अँड श्याम वेन्ट टू द मार्केट.' वर्ग एका सुरात ओरडला, "कंपाउंड!" सर म्हणाले, "माणसं किती गेली ते नको. 'वेन्ट' किती वेळा आलंय?" एकदाच. म्हणजे सिंपल. मग खाली लिहिलं, 'आय नो ही इज ऑनेस्ट.' जोडणारा शब्द औषधालाही नाही, पण क्रियापदं दोन आणि 'ही इज ऑनेस्ट' हे अख्खं 'नो'चं कर्म. म्हणजे कॉम्प्लेक्स. 'आफ्टर लंच' सिंपल वाक्यात खुशाल बसतं. 'आफ्टर ही हॅड हिज लंच' म्हटलं की आत एक छोटं वाक्य शिरलं.

त्यांची रीत ठरलेली. आधी काळ दाखवणाऱ्या क्रियापदांखाली रेघ मारायची. 'टू गो', 'गोइंग' ही नुसती सोंगं, ती मोजायची नाहीत. मग प्रत्येकाचा कर्ता शोधायचा. शेवटी बघायचं की कुठला तुकडा एकटा सोडला तरी उभा राहतो.

आमच्या चुका कुठून येतात हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. मराठीत 'जरी'ला 'तरी' लागतोच, म्हणून आम्ही 'दो'च्या (though) मागे 'बट' लावायचो. 'घरी जाऊन, जेवून झोपलो' यात आपलं क्रियापद खरं तर एकच, बाकीचं काम '-ऊन' उरकतो. तेच इंग्रजीत नेलं की 'वेन्ट', 'एट', 'स्लेप्ट' अशी तिन्ही क्रियापदं हजर. सर मराठीच्या तासालाही आले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. केवल, मिश्र, संयुक्त हे प्रकार तिकडे आम्ही नुसते घोकले.

एका तासाला फळ्यावर तीन वाक्यं होती. 'इन स्पाइट ऑफ हिज पॉव्हर्टी ही इज ऑनेस्ट', सिंपल. 'ही इज पुअर बट ही इज ऑनेस्ट', कंपाउंड. 'दो ही इज पुअर, ही इज ऑनेस्ट', कॉम्प्लेक्स. माणूस तोच, गरिबीही तीच. पण दुसऱ्या वाक्यात गरिबी प्रामाणिकपणाच्या बरोबरीला बसते आणि तिसऱ्यात तिला खालच्या पायरीवर उतरवलंय, हे सरांनी दाखवलं तेव्हा व्याकरणात असलं राजकारण असतं याची आम्हाला गंमत वाटली. 'टू' काढताना आम्ही नकळत तेच करत होतो. 'ही इज टू वीक टू वॉक' सिंपल. त्याचं 'सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक' केलं की कॉम्प्लेक्स. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "आणि नुसतं 'पुअर बट ऑनेस्ट'?" सर हसले. "परीक्षेत दुसरं 'ही इज' गृहीत धरा आणि कंपाउंड लिहा. त्याला सिंपल म्हणणारेही आहेत. त्यांच्याशी भांडू नका."

पुढे मी वकील झालो. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम १० सुरू होतं, 'ऑल अ‍ॅग्रीमेंट्स आर कॉन्ट्रॅक्ट्स इफ दे आर मेड...' पुढे खुली संमती, कायदेशीर मोबदला, कायदेशीर उद्देश, आणि शेवटी 'अँड आर नॉट हिअरबाय एक्स्प्रेस्ली डिक्लेअर्ड टू बी व्हॉइड', म्हणजे 'आणि या कायद्याने स्पष्टपणे रद्दबातल ठरवलेले नाहीत'. गाइडच्या तोडग्याने इथे दातखीळ बसेल, कारण 'इफ'ही आहे आणि 'अँड'ही. सरांच्या रीतीने रेघा मारल्या तर क्रियापदं तीन: 'आर', 'आर मेड', 'आर डिक्लेअर्ड'. मुख्य वाक्य पहिल्या चार शब्दांतच आटोपतं, बाकी सगळं 'इफ'च्या पोटात. तो शेवटचा 'अँड' दोन अटी जोडतो, दोन स्वतंत्र वाक्यं नव्हे. माझ्याकडच्या एका ज्युनिअरने तिथेच वाक्य तोडलं आणि कायदा कुठलाच करार व्हॉइड ठरवत नाही असा अर्थ काढला. मी त्याला कलम ३० उघडायला लावलं. पैजेचे करार तिथे सरळ व्हॉइड आहेत. मग कलम १० पुन्हा समोर ठेवलं आणि हातात पेन्सिल दिली.