टँकमधला लाल माठ

दोन फुटी माशांचा टँक आहे माझा, आत पाण्यातली झाडं लावलेला, साधारण ५५ लिटरचा, सगळं हिरवंगार झालेलं म्हणून पुढच्या बाजूला काहीतरी बुटकं आणि लाल हवं होतं. दुकानात गेले तर त्यांनी गडद जांभळट-लाल पानांची जुडी हातात दिली, आठ दिवस काय दिसली विचारू नका, मग बुडापासून कुजायलाच लागली. नंतर कळलं ते हेमिग्राफिस, म्हणजे चक्क कुंडीतलं झाड, पाण्याखाली टिकतच नाही. आता नाव विचारल्याशिवाय घेत नाही, "रेड प्लँट आहे, घ्या की ओ" म्हटलं की मी पुढच्या दुकानात.

मग एआर मिनी आणलं, पूर्ण नाव अल्टरनँथेरा रायनेकी मिनी. पाच-दहा सेंटीमीटरच्या वर फारसं जात नाही. आई टँकपाशी येऊन म्हणाली, "अगं हा तर लाल माठ, भाजी करायची का?" हसू नका, दोन्ही खरंच एकाच कुळातले आणि रंगही माठ-बीटात असतो त्याच जातीचा. पण सीओटू (झाडांसाठी पाण्यात सोडतात तो कार्बन डायऑक्साइड) नसेल तर हे रडतखडत वाढतं, त्यात आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर, टँकचं पाणी ३२ ला टेकतं आणि पाणी जेवढं गरम तेवढा सीओटू कमी विरघळतो. मी पाण्यावर छोटा फॅन लावते, सोलापूरची हवा कोरडी त्यामुळं दोन-तीन डिग्री उतरतात, फक्त पाणी भराभर उडतं आणि क्षार मागं राहतात, म्हणून वरची भर बोअरची नाही, आरओच्या पाण्याची.

सीओटूच्या भानगडीत पडायचं नसेल तर सरळ लुडविजिया सुपर रेड हे लाल झाड घ्या. उंच होते खरी, पण शेंडा खुडून परत खाली खोचत राहिलं की बुटकी, दाट होते. लाइट मात्र कडक हवा, नाहीतर हिरवट पडते. रोटाला एचरा म्हणून अजून एक झाड आहे, त्याचा लाल रंग पाण्यात नायट्रेट (माशांच्या घाणीतून तयार होतं ते) कमी असलं की खुलतो, पण माझ्याकडं गप्पी माशांची एवढी पिल्लावळ आहे की नायट्रेट कमी होणार कुठून!

आणि लाइटच कमी असेल तर क्रिप्ट वेंडटी ब्राउन. लाल नाही, विटकरी म्हणा. नवीन लावल्यावर त्याची पानं विरघळतात, उपटू नका, मुळातून परत फुटतं. माझी पहिली जुडी मी मेली समजून मोगऱ्याच्या कुंडीत टाकली होती.