"सगळी फाईल पाठवा" म्हणे

मी एका हॉस्पिटलात टीपीए डेस्कला बसते (टीपीए म्हणजे इन्शुरन्स कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी मधली कंपनी). मेडिक्लेमवाल्यांचे फॉर्म भरून घ्यायचे, प्री-ऑथ, म्हणजे खर्चाच्या आगाऊ मंजुरीचा अर्ज, पाठवायचा, क्वेरी आली की डॉक्टरांच्या मागे लागायचं, हे माझं काम. दिवसभर तोंडात एकच वाक्य, "इथे सही करा, आणि इथे". वाचत कुणीच नाही. आणि वाचणार तरी कसं, पेशंट आत आयसीयूत, नातेवाईक रात्रभर बाकड्यावर बसून आंबलेले, फॉर्म इंग्रजीत आणि अक्षर एवढं बारीक की चष्मा घरी राहिला असेल तर विषयच संपला.

त्या फॉर्मच्या शेवटी जे डिक्लरेशन असतं ना, त्यात एक ओळ असते. ज्या कुठल्या हॉस्पिटलने किंवा डॉक्टरने या पेशंटवर उपचार केलेत त्यांच्याकडून आवश्यक ती माहिती आणि कागद मागवायला इन्शुरन्स कंपनीला आणि टीपीएला माझी परवानगी आहे. बस. किती वर्षांपूर्वीपर्यंतची माहिती, परवानगी कधीपर्यंत, काही नाही. लोक ती सही करून चहा प्यायला जातात.

हे सगळं डोक्यात होतं म्हणूनच दादाच्या वेळी मी जरा जास्तच आडवी गेले असेन. घरच्यांचं तरी तेच मत आहे 😄

दादा चाकणला एका कंपनीत लाईनवर आहे. पगार एकवीस हजाराच्या आत, त्यामुळे ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. त्याच्या पगारातून पाऊण टक्का कापतात आणि सव्वातीन टक्के कंपनी भरते. खोकला जाईना, वजन उतरलं, संध्याकाळी ताप, आणि शेवटी थुंकीच्या तपासणीत टीबी निघाला. साधा, औषधाला दाद देणारा, सहा महिन्यांचा कोर्स. पण घरात सुतक असल्यासारखं वातावरण. आईने पहिल्या दिवशीच सांगून टाकलं, शेजारी कुणाला बोलायचं नाही.

आणि इकडे कंपनीतून मेसेज. सुपरवायझरचा. "एचआरला लागतंय, सगळे रिपोर्ट पाठवा, फाईल पूर्ण". आणि पाठवायचे कुठे तर शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, म्हणजे तिथून एचआर उचलणार! वहिनीने बिचारीने पलंगावर एकेक कागद पसरून फोटो काढायलाही घेतले होते, कारण तिच्या डोक्यात एकच, कागद नाही दिला तर पैसे अडकतील.

म्हटलं वहिनी थांबा, आधी सांगा पैसे देणार कोण?

कारण गोची तिथेच आहे. आजारपणाचे पैसे कंपनी देत नाहीये, ईएसआय देतंय. रजेच्या काळात रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस, थेट बँक खात्यात. टीबी त्यांच्या मोठ्या आजारांच्या यादीत आहे, त्यामुळे नोकरीला दोन वर्षं झाली असतील आणि वर्गणीचे दिवस भरत असतील तर ९१ दिवसांनंतर ८० टक्क्यांनी पुढेही मिळतात, गरज पडली तर दोन वर्षांपर्यंत. त्यासाठी आजार काय, रिपोर्ट काय, औषध कुठलं हे ईएसआयच्या डॉक्टरला दाखवावंच लागतं. तिथे नाही म्हणून चालत नाही. उपचार घ्यायचे, बोलावलं तर मेडिकल रेफरी म्हणजे ईएसआयच्याच तपासणी डॉक्टरसमोर जायचं, ही त्या पैशाची अटच आहे आणि मला ती रास्त वाटते. कंपनीचं काम काय तर एवढंच खरं की खोटं ते सांगायचं, की हा माणूस या तारखेपासून या तारखेपर्यंत कामावर नव्हता आणि त्या दिवसांचा पगार त्याला दिलेला नाही. यात थुंकीचा रिपोर्ट कुठे आला?

वहिनी म्हणाली, "अहो पण लपवल्यासारखं नाही का वाटणार?"

मग मी पलंगावरचे कागद उचलून दाखवले. एक्सरे, थुंकी, शुगर, लिव्हरचा रिपोर्ट, आणि मध्ये एक एचआयव्हीचा. टीबी निघाला की एचआयव्ही आणि शुगर तपासतातच, सरकारी कार्यक्रमाचा तो नियमच आहे. दादाचा निगेटिव्ह आहे. पण नुसता तो कागद चाळीस माणसांच्या ग्रुपवर गेला असता तर निगेटिव्ह कुणी वाचलं असतं का? "त्याची एचआयव्हीची टेस्ट केली म्हणे" एवढंच कॅन्टीनपर्यंत पोचलं असतं. आणि एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा वेगळा कायदाच आहे, पेशंटच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्याने त्याची ती माहिती उघड करायची नाही (अपवाद आहेत, पण शिफ्टचा ग्रुप त्यात नक्कीच नाही). "पूर्ण फाईल" म्हणताना त्या सुपरवायझरच्या डोक्यात यातलं काही नसणार, त्याला फक्त त्याच्या माथ्यावरचं काम पुढे ढकलायचं होतं. वाईट माणूस नाहीये तो.

मग आम्ही एचआरच्या मेलवर, ग्रुपवर नाही, रजेचा अर्ज पाठवला. आजारी आहे, ईएसआयकडे उपचार चालू आहेत, सर्टिफिकेट तिथून होईल, रजेच्या तारखा या. आणखी काही हवं असेल तर नेमकं काय आणि कशासाठी ते मेलवर कळवा. दोन दिवस फोन येत राहिले, दादाची तर तंतरली होती, "नोकरी जाईल तुझ्या कायद्यापायी" वगैरे. मेलवर मात्र काहीच आलं नाही. लिहून मागा म्हटलं की निम्मे प्रश्न आपोआप गळतात, हा आमच्या डेस्कवरचाही अनुभव.

यात एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर वाचून कुणी भलतंच करेल. टीबी सरकारपासून लपवायचा नसतो आणि लपतही नाही. २०१२ पासून प्रत्येक केस कळवणं डॉक्टरला बंधनकारक आहे, खाजगी असला तरी. निक्षय या सरकारच्या टीबी नोंदणी पोर्टलवर नाव जातं, आशाताई घरी येते, घरातल्यांची तपासणी होते. पोषण आहाराचे महिन्याला हजार रुपये खात्यात येतात (आधी पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले), त्यासाठी बँकेचा तपशील द्यावा लागतो. सोबतच्या कामगारांना धोका आहे का, हा प्रश्न बरोबरच आहे, पण त्याचं उत्तर डॉक्टर देणार, फिट सर्टिफिकेट देऊन. सुपरवायझरने एक्सरे उजेडासमोर धरून नाही.

आता उलटी बाजू, आमच्या डेस्कवरची. मागे एका पेशंटचा अपघाताच्या पॉलिसीचा क्लेम होता, पाय मोडलेला, कामावर जाता येत नाही म्हणून दर आठवड्याचे पैसे मिळणारी पॉलिसी. इन्शुरन्स कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर आला, हातात त्या डिक्लरेशनवरच्या सहीची झेरॉक्स, आणि मागतोय काय तर या बाईंचे मानसोपचाराच्या ओपीडीचे जुने कागद. हाड मोडल्याचा आणि त्याचा काय संबंध? आमच्या रेकॉर्डवाल्या काकांनी शांतपणे सांगितलं, कुठला कागद, कुठल्या तारखेचा, या क्लेमसाठी का लागतो ते कंपनीच्या लेटरहेडवर आणा, आणि पेशंटलाही विचारू. मानसिक आजाराच्या माहितीची गोपनीयता २०१७ च्या कायद्यात हक्क म्हणून लिहिलीय हे काकांना पाठ आहे, मला तेव्हा नवीन होतं. लेटर आलं, त्यात फक्त अपघाताचे इनडोअर पेपर आणि एक्सरे. दिले.

डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, त्यात संमती नेमक्या कामापुरती आणि लागेल तेवढ्याच माहितीची, शिवाय सूचना मराठीत वाचायचा पर्याय, असं बरंच चांगलं लिहिलंय. नियम निघाले २०२५ च्या नोव्हेंबरात आणि मुख्य कलमांना तिथून पुढे दीड वर्षाची मुदत. तोवर आमचा फॉर्म इंग्रजीतच.

दादा कामावर रुजू झाला. आता वहिनीने घराचा वेगळा मेडिक्लेम काढायचं मनावर घेतलंय. परवा एजंट आला, फॉर्म भरताना "आधीचे आजार" आलं, वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी बोलायच्या आत एजंटच म्हणाला, "टीबी कशाला लिहिताय, बरा झालाय ना." म्हटलं नाही, लिहायचा. तारीख, औषधं, कोर्स पूर्ण झाल्याचा कागद, सगळं. इथे आपण त्यांच्याकडे पैशाचं वचन मागतोय, आणि पहिल्या पाच वर्षांत हे लपवलेलं निघालं तर क्लेम नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. ती नकाराची पत्रं पेशंटला मीच समजावून सांगते. वहिनी वैतागली, "तिकडे सांगू नका म्हणता, इकडे सांगा म्हणता." पण लिहिलं तिने. एजंट म्हणतोय प्रीमियम वाढेल किंवा टीबीला वेटिंग लावतील, म्हणजे ठरावीक काळ टीबीचा खर्च देणार नाहीत, अजून त्यांचं काही उत्तर आलेलं नाही.