प्रभादेवी ते रमाबाई नगर: माहितीपटांच्या वाटेने

प्रभादेवी स्टेशनला उतरून आम्ही पश्चिमेकडे सयानी रोडला आलो. रवींद्र नाट्य मंदिर सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच रस्त्यावरचं भूपेश गुप्ता भवन मात्र विचारत जावं लागतं. मानवी हक्कांच्या माहितीपटांसाठी मुंबईत फिरायचं तर पहिला मुक्काम हाच. २००३ साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवासाठी भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची सक्ती झाली. परदेशी चित्रपटांना नाही. माहितीपटकार एकवटले, अट मागे घेतली गेली, पण नंतरच्या निवडीत अनेक राजकीय चित्रपट गळाले. मग फेब्रुवारी २००४ मध्ये, महोत्सवाच्याच दिवसांत, ते ‘विकल्प’ नावाने या भवनात दाखवले गेले.

तिथून दादर, मग मध्य रेल्वेने घाटकोपर. पूर्वेला पूर्व द्रुतगती मार्गालगत रमाबाई आंबेडकर नगर आहे. ११ जुलै १९९७ रोजी इथे पोलीस गोळीबारात दहा जण मारले गेले. त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट तिथून सुरू होतो. तो पुरा व्हायला चौदा वर्षं लागली. असे चित्रपट वस्त्यांमध्ये दाखवायलाच हवेत.

पण वस्तीतला खेळ घड्याळावर अडतो. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि पावणेसातपर्यंत पडद्यावर नीट काही दिसत नाही. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. हाताशी सव्वातीन तास, आणि हा चित्रपट एकटाच तीन तासांहून मोठा. एका संध्याकाळी उरकायला गेलात तर चर्चा मरते, म्हणून दोन संध्याकाळी दाखवावा.

पडदा म्हणून साधी चादर टांगली तर वाऱ्याने फुगते आणि चित्र हलतं. चारही कडा चौकटीला ताणून बांधा. माणसं सतरंजीवर बसणार असतील तर पडद्याची खालची कड जमिनीपासून निदान चार फूट वर हवी, नाहीतर पुढच्यांच्या डोक्यांआड सबटायटल्स जातात. देवनागरी सबटायटल्स फाइल त्याच लॅपटॉपवर आधी लावून पाहा. फॉन्ट नसेल तर जोडाक्षरं फुटतात. रस्त्यावरचा दिवा पडद्याच्या पाठीमागेही नको, बाजूलाही नको: जागा अंधार पडल्यावर, आदल्या रात्री पाहून ठरवा.

स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर. आणि दहानंतर माइक बंद झाला की सतरंज्या गोल करून बसा. मागे बसलेल्या बायका तेव्हाच बोलू लागतात.